चिलगोजा विकत घेणं थांबवायचं का?

रामबाग_लाडू

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. थंडी पडली की घरून डिंकाचे आणि मेथीचे लाडू करून देते, शिवाय सुक्या मेव्याचे डबे. मोठ्या डब्यात बदाम, अंजीर, जर्दाळूबरोबर टरफलासकट चिलगोजे, म्हणजे हिमालयातल्या एका पाइन झाडाच्या खायच्या बिया, घालते. जुन्या इंदुरी घरांमधून त्यांना अजून मागणी आहे. रात्री जेवणं झाली की सगळे एकत्र बसून एकेक सोलत खातात.

यंदा भाचीनं डबा बघितला आणि म्हणाली, मावशी, हे झाड संकटात आहे, तू हे विकू नकोस. ती वनस्पतिशास्त्र शिकते आहे, उगाच काही बोलणारी नाही. दुसरीकडे महूचे एक निवृत्त सुभेदार माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांची नेमणूक हिमाचलात किन्नौरला, पूहकडे होती. त्यांचं म्हणणं, तिथल्या कित्येक घरांना रोख पैसा मिळतो तो सफरचंद आणि चिलगोज्यातूनच. लग्नाकार्यात पाहुण्यांच्या गळ्यात चिलगोज्यांची माळ घालतात, इतका तो त्यांच्या घरचा. तुम्ही घेणं बंद केलंत तर त्या लोकांनी काय करायचं? पण तेच पुढे असंही म्हणाले की जंगलात मोठी झाडं पुष्कळ दिसायची, लहान रोप मात्र शोधावं लागायचं.

मला दोघांचंही पटतं, म्हणून अडकले आहे. झाडाला नेमकं काय होऊन राहिलं आहे, आणि माझ्या थोड्याशा खरेदीचा त्याच्याशी संबंध काय, हे कुणी नीट समजावून सांगेल का? "निसर्ग वाचवा" एवढंच नका लिहू, ते मलाही कळतं. आणि अजून एक. मानपूरला नणंदेची शेती आहे, हवा शहरापेक्षा गार असते. तिथे चिलगोजा लावून बघता येईल का?

सियागंज_पेढी

ताई, झाडाचं मला कळत नाही, मालाचं सांगतो. तीन पिढ्या आम्ही हाच व्यापार करतो.

पहिली गोष्ट, हल्ली पाकिटातून सोललेले "पाइन नट" मिळतात ते चिलगोजे नव्हेत. तो दाणा आखूड, जाडसर, तिकोनी असतो. तो बहुतेक चीनकडून येतो आणि झाडही वेगळं. आपला चिलगोजा लांब, सडपातळ, दोन्हीकडे निमुळता. तुम्ही टरफलासकट घेता म्हणजे खराच घेता.

खरा माल येतो तीन ठिकाणांहून. अफगाणिस्तानातून खोस्त-पक्तियाचा, पाकिस्तानातून झोब आणि वझिरिस्तानचा, आणि आपल्याकडचा किन्नौरचा. किन्नौरचा माल रामपूरच्या लवी जत्रेत येतो, नोव्हेंबरात, आणि दिल्लीत खारी बावलीत. इंदूरला आपण बहुतेक दिल्लीवरूनच घेतो. नोव्हेंबर २०१८ पासून अफगाण माल काबूलहून विमानानं थेट चीनला जाऊ लागला, तेव्हापासून भाव आमच्या हातात राहिला नाही. किलोचा भाव हजारांत बोलतात, तुम्हाला माहीतच आहे.

घेताना दोन-चार दाणे फोडून खाऊन बघा. याच्यात तेल फार, जुना माल खवट लागतो. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कुणी "नवा माल" म्हणून किन्नौरचा चिलगोजा दाखवला तर घेऊ नका, नवा माल इतक्या लवकर बाजारात उतरतच नाही. मागचा तरी असेल, नाहीतर कच्चा तोडलेला.

निवृत्त_वनस्पती_शिक्षक

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मानपूरला चिलगोजा जगणार नाही. दुकानातले दाणे बहुतेक भाजलेले असतात, ते रुजत नाहीत. कच्चं बी मिळालं तरी ते आधी काही आठवडे ओल्या थंडीत ठेवावं लागतं. आणि ते उगवलं तरी झाडाला लागतो तो हिवाळा आपण माळव्यात कुठून आणणार?

हे झाड साधारण १,८०० ते ३,३५० मीटर उंचीवर होतं, तेही हिमालयात सगळीकडे नाही. सतलजच्या काठानं वर जाताना वांगतूच्या आसपासपर्यंत डोंगर हिरवे, पावसाचे. पुढे मान्सूनचे ढग पोचत नाहीत, डोंगर कोरडे आणि खडकाळ होत जातात, आणि तिथे देवदारांच्या सोबतीनं चिलगोजा दिसू लागतो. त्याला पाणी मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचं. भारतात किन्नौर, चंब्यातली पांगी आणि जम्मूकडे किश्तवाडचा काही भाग, इतकाच त्याचा मुलूख. बाकीचं जंगल सीमेपलीकडे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात.

मी इंदुरातच शिकवलं. विद्यार्थ्यांना घेऊन किन्नौरला जायचो, निवृत्तीनंतर एकटाही जात राहिलो. कल्पा, रेकाँग पिओ, मूरंग, रिस्पा. किन्नौरी लोक चिलगोज्याला न्योजा म्हणतात. झाड ओळखायला सोपं. एका झुपक्यात तीन सुया, आणि साल पापुद्र्यांनी सुटून येते, तिच्याखाली करडे, हिरवट, तपकिरी असे ठिगळ दिसतात. मला ते झाड फार सुंदर वाटतं. जिथे माती नावाला नाही अशा कड्यावर, कातळाच्या भेगेत मुळं घालून ते उभं असतं. त्या उतारांवर त्याची जागा घेईल असं दुसरं मोठं झाड फारसं नाही. ते गेलं की दगडगोटे धरून ठेवायला काही उरत नाही, आणि खाली रस्ता असतो, गाव असतं.

आता मुख्य गोष्ट. पाइनचा शंकू, म्हणजे बिया धरणारं खवल्यांचं बोंड, एका वर्षात पिकत नाही. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परागण झालेला शंकू पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार होतो. म्हणजे तोडणीच्या वेळी एकाच फांदीवर दोन वर्षांचं पीक असतं. पिकत आलेले मोठे शंकू थोडे मागे, आणि पुढे नव्या टोकाला पुढच्या वर्षीचे बारके. झाडं उंच, खाली कडा, शंकू फांद्यांच्या शेंड्याकडे. तोडणारा माणूस वर चढतो आणि लांब काठीच्या आकडीनं ओढून किंवा कोयत्यानं घाव घालून फांदीच खाली पाडतो. लोणच्याला कैऱ्या हव्यात म्हणून आंब्याच्या डहाळ्या तोडून आणाव्यात, तसं ते आहे. पुढच्या वर्षीचं पीक त्याच घावात गेलं. शिवाय दरवर्षी शेंडे तोडलेलं झाड खुरटतं, ते वेगळंच.

तोडणाऱ्याला दोष देऊन मात्र मोकळं होता येत नाही. या कामात माणसं पडतात, हातपाय मोडतात, जीवही जातात. शंकू हिरवे असतानाच तोडावे लागतात, कारण पिकून खवले उघडले की दाणे गळतात आणि पक्षी, उंदीर उचलून नेतात. हिरवे, चिकाळ शंकू ढीग घालून ठेवतात, खवले सुटले की झोडपून दाणे काढतात. आणि आपण थांबलो तर दुसरा कुणी आधी तोडेल ही धास्ती प्रत्येकाला. चिलगोजा गोळा करण्याचे हक्क तिथल्या गावांचे आहेत. काही गावं स्वतः तोडतात, काही गावं जंगल हंगामापुरतं ठेकेदाराला देतात. एका हंगामापुरतं जंगल हाती आलेल्या ठेकेदारानं झाडावर शंकू का ठेवावेत?

या सगळ्यातून जमिनीवर पडतं ते फार थोडं. त्यातलं उंदरांनी, पाखरांनी खाल्लं. उरलेलं रुजलं तर शेळ्यामेंढ्यांनी कोंब खुडला. आणि वाचलेलं रोप इतकं सावकाश वाढतं की त्याला शंकू धरेपर्यंत लावणाऱ्याचं मूल कर्तं होतं. तुमच्या सुभेदारसाहेबांनी पाहिलं ते हेच. किन्नौरमधल्या पाहण्यांमधून पुन्हा पुन्हा तेच समोर येतं, वयस्कर झाडं आहेत, रोपं नाहीत. म्हातारं झाडसुद्धा पीक देतच राहतं, म्हणून बाजारात माल येत राहतो आणि काही बिघडलं आहे असं कुणालाच वाटत नाही. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत हे झाड संकटाच्या उंबरठ्यावरच्या वर्गात आहे. भाचीचं म्हणणं बरोबर आहे.

पण फक्त तोडणी हे कारण नाही. किन्नौरात जलविद्युत प्रकल्पांचे बोगदे, रस्ते, वीजवाहिन्या यांनी चिलगोज्याची झाडं गेली आहेत, आणि बोगद्यासाठी सुरुंग लावले की उतार सैल होतात, असं गावकरी सांगत आले आहेत. पलीकडे बलुचिस्तानात, सुलेमान पर्वतातल्या शेरानी भागात, मे २०२२ मध्ये वणवा लागला. जगातल्या सर्वांत मोठ्या चिलगोजा जंगलांपैकी ते एक. आग विझवायला इराणहून विमान आणावं लागलं, माणसं मेली. तसं जंगल पुन्हा उभं राहायला कित्येक पिढ्या लागतात.

घ्यायचा की नाही? मी म्हणतो, घ्या. लिप्पा गावाचं उदाहरण सांगतो. काशंग जलविद्युत प्रकल्पात आपली चिलगोज्याची जंगलं जातील म्हणून ते गाव लढलं, आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं हा विषय ग्रामसभांपुढे ठेवा असा आदेश दिला. २०२१ मध्ये किन्नौरच्या तरुणांनी जंगी थोपन या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध "नो मीन्स नो" म्हणून मोहीम उघडली. ही माणसं झाडासाठी उभी राहिली, कारण झाड त्यांच्या चुलीशी जोडलेलं आहे. चिलगोज्याला मोल राहिलं नाही तर उद्या त्या उताराची बाजू कोण घेईल? मला तरी दुसरं कुणी दिसत नाही. आपण खाणं सोडल्यानं फांद्या वाचणार नाहीत, तोडण्याची पद्धत बदलली तर वाचतील. काही झाडं पूर्ण सोडायची, बाकीच्या झाडांवर थोडे शंकू ठेवायचे, फांदी न तोडता लांब दांड्याच्या कात्रीनं शंकूच कापायचा, आणि गावानं दिवस ठरवून त्याआधी कुणी जंगलात जायचं नाही. वन खात्याची, संशोधकांची शिफारस साधारण हीच आहे. सिमल्याची हिमालयीन वन संशोधन संस्था रोपांवरही काम करते. पाकिस्तानात एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, प्रकल्पातून तोडणीची अवजारं वाटली गेली, तीही याच विचारानं.

रामबाग_लाडू

सर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. एकाच फांदीवर दोन वर्षांचं पीक असतं हे मला अजिबात माहीत नव्हतं. भाचीला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे आमच्या पुस्तकात आहे, पण असं कुणी सांगितलं नाही.

तिचा एक प्रश्न. पक्षी दाणे नेतात ते नुसतं नुकसानच का? काही पक्षी बी पुरून ठेवतात म्हणे.

लोकमान्यनगर_ते_मोंटाना

याचं उत्तर मी देतो. घर इंदूरला लोकमान्य नगरात, सध्या कामासाठी अमेरिकेत, मोंटानातल्या मिसूलाला आहे. इथे रॉकी पर्वतात व्हाइटबार्क पाइन नावाचं झाड आहे. तेही उंचावरचं, त्याचंही बी खाण्याजोगं. सुट्टीच्या दिवशी मी इथल्या स्वयंसेवकांबरोबर त्याच्या कामाला जातो, म्हणून माहीत आहे.

या झाडाचा शंकू आपोआप उघडतच नाही. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा करडा-काळा पक्षी चोचीनं शंकू फोडतो, जिभेखालच्या पिशवीत बिया भरतो आणि दूर नेऊन जमिनीत थोड्या थोड्या पुरतो. एक पक्षी एका हंगामात हजारो बिया पुरतो. बहुतेक जागा त्याच्या लक्षात राहतात, बर्फाखालून तो त्या हुडकून काढतो. ज्या काढायच्या राहतात त्यांतून जंगल उगवतं. म्हणजे भाचीचं बरोबर आहे, या झाडाचा माळी तोच. खारी शंकूंचा साठा करतात, आणि यलोस्टोनकडचे ग्रिझली अस्वल तो साठा लुटून हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढवतात.

हे झाड हजार वर्षांहून जास्त जगू शकतं. पण मेलेली, पांढरी पडलेली झाडं डोंगरभर उभी दिसतात. अमेरिकेत २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे उभ्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त मेलेली होती. मुख्य कारण ब्लिस्टर रस्ट नावाची बुरशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर ती इकडे आली, आणि या झाडाला तिच्याशी झुंजायची सवयच नव्हती. दुसरं कारण सालीखाली घुसणारा भुंगा. पूर्वी कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरायच्या, आता हिवाळे तितके कडक राहिले नाहीत. कॅनडानं हे झाड २०१२ मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याच्या संरक्षणाखाली घेतलं.

सरांनी लिहिलं ते वाचताना एक गोष्ट मनात आली. शंकू फार कमी झाले की नटक्रॅकर त्या डोंगराकडे फिरकत नाही. मग जी थोडी झाडं जिवंत आहेत त्यांचं बीही कुणी पुरत नाही. झाडं संपण्याच्या कितीतरी आधी जंगलाचं उगवणं संपतं. इथे आता रोगाला तोंड देऊ शकणारी झाडं निवडतात. उन्हाळ्यात माणसं झाडावर चढून कोवळ्या शंकूंना तारेच्या जाळीच्या पिशव्या घालतात, म्हणजे पक्षी आणि खारी आधी नेणार नाहीत, आणि सप्टेंबरात पुन्हा चढून ते उतरवतात. फांदीला धक्का लावायचा नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. रोपवाटिकेत बी रुजवून, रोगाची चाचणी घेऊन, ती रोपं वर नेऊन लावतात. मी लावलेल्यांवर शंकू बघायला मी असेन असं नाही. तरी त्या कामाला गेलो की आठवडाभर मन शांत असतं.

सियागंज_पेढी

सर, तुम्ही कात्रीचं लिहिलंत. असा माल वेगळा करून कुणी विकतं का? विकत असेल तर दोन पैसे जास्त देऊन मी ठेवीन, आणि गिऱ्हाइकाला सांगून विकीन. आमच्या धंद्यात कुणी हा प्रश्नच विचारत नाही, फक्त दाणा मोठा आहे का आणि भाव काय, एवढंच.

निवृत्त_वनस्पती_शिक्षक

शेठ, तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. असा वेगळा शिक्का मारलेला माल मी पाहिलेला नाही. पण लवीच्या जत्रेत किन्नौरची माणसं स्वतःच्या पोत्यांशी बसलेली असतात. दिल्लीच्या आधी तिथे गेलात तर गाव कोणतं, तोडणी गावानं केली की ठेकेदारानं, हे तोंडावर विचारता येतं. दोन-तीन हंगाम त्याच गावाकडून घेतलं की तुमचा शब्द त्यांच्या ग्रामसभेपर्यंत जातो. शहाणा व्यापारी तिथे अधिकाऱ्यापेक्षा जास्त ऐकला जातो, हे मी पाहिलं आहे.

मोंटानावाल्या मित्रानं लिहिलेली जंगलाच्या उगवण्याची गोष्ट मला फार लागली. आपल्याकडेही हिमालयात नटक्रॅकर आहेत, पाइनचं बी खातात. पण माणसानं हिरवे असतानाच सगळे शंकू उतरवले तर त्यांनी पुरायचं काय?

आता ताई, तुमच्या मानपूरबद्दल. चिलगोज्याऐवजी चारोळी लावा. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. चारोळीचं झाड आपल्या सातपुडा-विंध्याच्या जंगलातलं आहे, इकडच्या गावांमधून त्याला अचार म्हणतात. त्याचं दुखणंही तेच आहे. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं, पण दुसऱ्यानं नेण्याआधी आपण न्यावं म्हणून कच्चंच झोडपतात, फांद्या तोडतात, कुठे कुठे झाडच आडवं करतात. जंगलात रोपं दिसेनाशी होत चालली आहेत. आपल्या प्रत्येक घरात श्रीखंडावर, बासुंदीत चारोळी पडते, आणि ती कुठून येते हे कुणी विचारत नाही. किन्नौर लांब आहे, हे झाड आपल्या दारात आहे.

लावायची पद्धत सांगतो. डब्यातली सोललेली चारोळी चालणार नाही, गुठली हवी. झाडावर पूर्ण पिकलेलं फळ मे महिन्यात घ्या, गर धुऊन काढा, गुठली सावलीत वाळवा. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशीच पेरायचं. गुठलीचं कवच टणक असतं. ते आतल्या बीला इजा न होऊ देता हलकेच तडकवलं तर उगवण चांगली होते. पहिली दोन-तीन वर्षं गुरांपासून कुंपण हवं आणि उन्हाळ्यात थोडं पाणी. पुढे ते स्वतःचं स्वतः बघतं.

मेमध्ये गुठली आणायला मी चोरलच्या बाजूला जाणारच आहे. तुमच्या नणंदबाईंची हरकत नसेल तर थोडी त्यांच्यासाठीही आणतो, आणि कुठे लावायची ते जागेवर येऊन दाखवतो. भाचीला सोबत घ्या.

रामबाग_लाडू

नक्की येऊ सर. नणंदेला आत्ताच फोन केला, ती म्हणाली विहिरीच्या वरच्या बांधाची जागा मोकळी आहे, कुंपण आधीच आहे. शेठकाका, यंदा चिलगोजा मी तुमच्याकडूनच घेईन, पण गावाचं नाव विचारून ठेवा. डब्यात चिठ्ठी घालते.